मनकर्णाबाईंची निर्जळी

शहागंजात महिलांसाठी स्वच्छतागृह बांधून झालं आणि त्याच दिवशी त्याला कुलूप लागलं. स्वच्छतागृह स्वच्छ राहावं, एवढाच त्यामागचा शुद्ध हेतू होता.

समोरच मनकर्णाबाईंची वाती, कापूर, हळदीकुंकवाची हातगाडी. सकाळी नऊला त्या उभ्या राहत ते दिवेलागणीपर्यंत, आणि मधल्या वेळात पाण्याचा थेंब घेत नसत. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मावशी, मुतखडा आहे. रोज तीन लिटर पाणी प्या, नाहीतर ऑपरेशन." पाणी प्यायला बाईंची हरकत नव्हती, अडचण त्याच्या पुढची होती. म्हणून त्यांनी देखरेखीवरच्या तात्यासाहेबांना गाठलं.

"साहेब, कुलूप कवा निघंल?"

"मूल्यांकन झाल्यावर. आज आपल्याला स्वच्छतेत शंभरपैकी शंभर आहेत, मावशी. एक जरी बाई आत गेली तर टिकतील का?"

"पर ते बायांसाठीच हाय ना?"

"म्हणून तर दारावर बाईचं चित्र काढलंय!"

समिती आली, फरशीत स्वतःची तोंडं पाहून खूश झाली आणि पहिल्या क्रमांकाची ढाल देऊन गेली. ढाल ठेवायला कुलूपबंद अशी ही एकच जागा उपलब्ध होती. ती आत ठेवून बाहेर दुसरं कुलूप लावण्यात आलं.

"आता नियमानंच जावं लागेल," तात्यासाहेब हळहळले. "एकटीची गरज ही खासगी बाब झाली. अकरा महिलांच्या सह्या आणा, म्हणजे ती सार्वजनिक होईल."

श्रावण होता, गाडीवर बायकांची रीघ होती. बाईंनी अर्ज आधी नेहमीच्या गिऱ्हाईक यमुनाबाईंपुढं धरला. वाचता वाचता त्या कानापर्यंत लाल झाल्या.

"अगं बाई, असल्या गोष्टीवर सही? आमच्या ह्यांनी पाहिलं तर?"

"तुमाला लागत नाय का, वहिनी?"

"आम्ही आपलं घरूनच उरकून येतो."

कॉलेजात शिकवणाऱ्या अश्लेषानं अर्जाचा फोटो काढला, "मावशी, फुल सपोर्ट!" म्हणाली आणि पेन परत दिलं.

यमुनाबाईंचं लक्ष मात्र बाईंच्या सुकलेल्या ओठांकडं गेलं.

"दिवसभर पाणी नाही? निर्जळी करता?"

"गाडी लावली तवापासून. बारा वर्षं झाली."

झालं! बारा वर्षांची निर्जळी म्हटल्यावर सोळा सोमवारवाल्यांनी माना खाली घातल्या. बायका वाकून नमस्कार करू लागल्या. एवढ्या मोठ्या व्रताचं उद्यापन नको का? शुक्रवारी गाडीपुढंच पाट मांडला. सवाष्णी जमल्या. बाईंनी मोजल्या, नेमक्या अकरा! त्यांनी पदराआडून अर्ज काढला.

"आधी प्रसाद घ्या," यमुनाबाई म्हणाल्या. "कागद काय, पळून जातोय का?"

प्रसादाला नाही म्हणणाऱ्यातल्या बाई नव्हत्या. अकरा जणींनी अकरा पेले केशरी दूध प्रेमानं पाजलं. तात्यासाहेबांनी लांबून हात जोडले.

बाई कशाबशा उठल्या. "बायांनो, निर्जळी सोडवली तुमी. आता सह्या करा, न्हाईतर जागा दावा."

अकरा जणींनी कुलपांकडं पाहिलं, मग एकमेकींकडं.

"तुमचं घर कुठं, मावशी?"

"बजाजनगर. बसनं तास लागतो."

"मग पटकन रिक्षा करा!" अकराही जणी कळवळून म्हणाल्या.

अर्जावरच्या अकरा रेघा अजून कोऱ्याच आहेत. वाचताना हसू आलं असेल, तर पेन घ्या. फक्त नाव पूर्ण लिहावं लागतं, आणि घरचा पत्ता.