पाट्याचं काम

हेमचंद्र पाटणकरांच्या हातून आयुष्यात एकही गोष्ट वाकडी झाली नव्हती. हे त्यांचं स्वतःचं मत! पण त्याला पुरावेही होते. रेल्वेच्या पुलांच्या खात्यात सव्वीस वर्षं काढलेला माणूस. खिशात एक वेळ पेन नसेल, पण स्पिरिट लेव्हल असायचीच. घरात साधं कॅलेंडर लावायचं झालं तरी काचेच्या नळीतला तो बुडबुडा मधोमध आल्याशिवाय खिळा ठोकू द्यायचे नाहीत. चार महिन्यांपूर्वी पद्मिनीबाईंची तसबीरही त्यांनी तशीच लावली. त्या दिवशी बुडबुडा काही केल्या नीट दिसेना, कारण डोळ्यांत सारखं पाणी येत होतं. तीनदा काढली, तीनदा लावली. आता ती लखनौच्या अख्ख्या रेल्वे कॉलनीतली सर्वांत सरळ तसबीर होती, आणि घर अगदी मुकं झालं होतं.

कारण बोलण्याचं सगळं खातं पद्मिनीबाईंकडे होतं. हेमचंद्र मराठीत बोलायचे, लखनौत जन्मलेली मृणाल हिंदीत उत्तर द्यायची, आणि मधे पद्मिनीबाई. भाषा दोघांनाही कळायची हो! पण ‘तिला रागावू नका’ आणि ‘बाबांना तसं म्हणायचं नव्हतं गं’ ही दोन वाक्यं त्या घराला रोज लागायची, आणि ती बोलणारं माणूस गेलं. बाप-लेकीत आता ‘चाय?’ आणि ‘दे’ एवढंच उरलं होतं.

अशात एका संध्याकाळी मृणाल आपणहून त्यांच्या खुर्चीपाशी आली. प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व घेऊन तिचं एम.ए.चं शेवटचं वर्ष चालू होतं.

“पापा, पेपर का टॉपिक देना है. अगले शनिवार तक. कुछ सूझ ही नहीं रहा.”

हेमचंद्रांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. चार महिन्यांत पोरीने पहिल्यांदा काही मागितलं होतं!

“विषयच ना? अगं, मी देतो काढून! शनिवार कशाला, परवापर्यंत देतो! सव्वीस वर्षांत बावन्न पूल उभे केलेत, एक विषय म्हणजे काय?”

परवा त्यांनी ड्रॉइंग पेपरवर एक्केचाळीस विषयांची यादी तिच्यापुढे पसरली. शाईने लिहिलेली. पहिले एकोणीस विषय पुलांचे होते.

“पापा, ये आर्कियोलॉजी है. इसमें पुल कम ही मिलते हैं.”

“का नाही मिळत?”

“गिर जाते हैं.”

हे हेमचंद्रांनी मनाला लावून घेतलं. “माझे नाही पडत!”

मृणालने यादीची गुंडाळी केली आणि आत गेली. पण हार मानतील ते पाटणकर कसले! रविवारी त्यांनी पोरीला स्कूटरवर मागे घातलं आणि तेलीबागच्या पलीकडे एका टेकाडावर नेलं. अर्धा तास उकराउकर केल्यावर मातीचं एक तांबडं खापर त्यांच्या हाती लागलं आणि ते तिथूनच ओरडले, “मृणाल! दोन हजार वर्षं! निदान दोन हजार!”

मृणालने खापर नाकाशी नेलं. “पापा, इसमें चाय की महक आ रही है.”

टेकाडाच्या मागे चहाची टपरी होती. वापरून झालेले मातीचे कुल्हड टपरीवाला तिथेच फेकायचा. मृणालच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू असेल, नसेल. आई असती तर दोघं खो खो हसली असती, हे दोघांनाही एकाच वेळी कळलं.

शुक्रवारी सकाळी हेमचंद्र उठले तेव्हा मृणाल युनिव्हर्सिटीत गेलेली होती. चहाच्या पातेल्याखाली एक चिठ्ठी होती. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचली.

‘बाबा, आईच्या पाट्याचं काम करायचं आहे. शनिवारच्या आत. मृणाल.’

मराठीत! आणि पापा नव्हे, बाबा! हेमचंद्रांनी चिठ्ठी तीनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली, पुन्हा काढून वाचली. अक्षर थेट पद्मिनीबाईंचं. आणि वाक्यही त्यांचंच! वीस वर्षं पद्मिनीबाई हेच सांगत आल्या होत्या. “अहो, पाट्याचं काम करायचंय. गुळगुळीत झालाय अगदी, चटणी नुसती घसरते. टाकीवाल्याची हाक आली तर थांबवा ना.” हेमचंद्र ‘हं’ म्हणायचे. टाकीवाला दारावरून निघून जायचा. मग पद्मिनीबाईच ओल्या हातांनी रस्त्यावर धावायच्या आणि त्याला बोलावून पाट्याला टाकी लावून, छिन्नीने तो पुन्हा खरबरीत करून घ्यायच्या. एकदासुद्धा, अगदी एकदासुद्धा, हेमचंद्र उठले नव्हते.

हे त्यांना आठवलं. तेवढ्यात, काय योग पाहा, लांबून हाक ऐकू आली.

“सिलऽ बट्टा कुटवा लोऽऽ!”

हेमचंद्र पायजम्यावरच धावले! कॉलनीच्या फाटकापर्यंत गेले तर हाक वळणापलीकडे. वळणावर गेले तर हाक तेलीबागच्या रस्त्याला. शेवटी दूधवाल्याची सायकल मागून घेतली, अर्ध्या मैलावर त्या माणसाला गाठलं आणि सायकल त्याच्यापुढे आडवी घातली. छेदीलाल त्याचं नाव. खांद्यावर झोळी, झोळीत छिन्नी-हातोडी. पायजम्यातला घामेघूम साहेब पाहून त्याला वाटलं, आपल्यावर चोरीचा आळ आला.

“चलो! अभी चलो! हमारी बीवी का पाटा है!”

“कौन-सा घर, साहब?”

“पाटणकर!”

छेदीलाल एकदम शांत झाला. “अच्छा, वो दक्खिनवाली बीबीजी. सुना था, गुज़र गईं. चलिए.”

हेमचंद्रांनी त्या दिवशी रजा टाकली. सव्वीस वर्षांत आजारपण आणि सुतक सोडलं तर पहिली! अंगणात पोतं अंथरलं, पाटा उचलून आणला आणि खिशातून लेव्हल काढून त्यावर ठेवली. बुडबुडा सर्रकन एका कडेला पळाला.

“ये क्या! ये तो पूरा टेढ़ा है!”

“टेढ़ा नहीं, साहब, घिसा है. बाईं ओर दबा हुआ है. आपके यहाँ कौन उल्टे हाथ का है?”

“कोई नहीं! हमारे घर में सब सीधे हैं!”

“वो तो दिख रहा है,” छेदीलाल म्हणाला आणि छिन्नी काढली. “मैं दाने मार देता हूँ. आधा घंटा.”

“दाने बाद में! पहले लेवल करो. हमको गड्ढा नहीं चाहिए. एक सूत का भी फरक नहीं चाहिए!”

“साहब, सिल है, कैरम बोर्ड थोड़े ही है! उसी गड्ढे में तो मसाला ठहरता है.”

पण इतक्या वर्षांची चूक एका दिवसात फेडायला निघालेला माणूस कुणाचं ऐकतो? ठक ठक ठक! उजवी बाजू तासली, लेव्हल ठेवली. बुडबुडा अजून हलेना. पुन्हा ठक ठक! दहाला बसलेला छेदीलाल दोनला उठला, तेव्हा त्याच्या भुवया पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. हेमचंद्रांनी वरवंटा पुढे केला, तसे त्याने दोन्ही हात मागे घेतले.

“बट्टा मैं नहीं छुऊँगा, साहब! आप इसको भी चौकोर करवा देंगे!”

तो गेल्यावर हेमचंद्रांनी अंगण झाडलं, दगडाचा सगळा चुरा नालीत लोटला. पाटा धुऊन पुसून दिवाणखान्यात तसबिरीखाली मांडला आणि तसबिरीकडे बघून म्हणाले, “झालं बरं का तुझं पाट्याचं काम! उशीर झाला, पण झालं.” खूप दिवसांनी त्यांना जेवण गेलं.

चार वाजता मृणाल आली. सोबत तिच्या विभागातल्या सक्सेना मॅडम. मॅडमच्या हातात मोजपट्टी, कॅमेरा आणि ट्रेसिंग पेपरची सुरळी. चपला काढता काढता मृणाल बोलत होती. इतकं ती चार महिन्यांत बोलली नव्हती.

“मैम, आपने क्लास में कहा था न, कि पत्थर की घिसावट से पता चलता है उसे किसने चलाया, कैसे चलाया? खुदाई के पत्थरों का तो कोई पूछनेवाला नहीं बचा. पर ये मेरी माँ की सिल है, इसका मुझे सब मालूम है. पहले इसे पढ़ूँगी, फिर—”

ती थांबली. तसबिरीखाली पाटा होता. नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखा, सपाट.

मॅडमनी खाली बसून त्यावरून तळवा फिरवला. “मृणाल, तुमने तो कहा था, बाईं तरफ़ अच्छा-ख़ासा गड्ढा है?”

आणि आमचे हेमचंद्र! त्यांनी आनंदाने लेव्हल काढून पाट्यावर ठेवली. “था! अब नहीं है! देखिए मैडम, बुलबुला बिल्कुल बीच में!”

बुडबुडा खरोखरच मधोमध होता. मॅडमनी एकदा बुडबुड्याकडे पाहिलं, एकदा मृणालकडे, आणि चहा न घेता, फार हळू आवाजात नमस्कार करून निघून गेल्या.

“पापा, मैंने लिखा था न, पाट्याचं काम करायचं आहे!”

“हो गं! मग केलं की!”

“काम! रिसर्च का काम, पापा! टॉपिक था वो मेरा!”

हेमचंद्रांचा हात खिशातल्या चिठ्ठीवर गेला. अक्षर अन् अक्षर बरोबर होतं. सबंध शहरात त्या वाक्याचा असा अर्थ लावणारा एकच माणूस होता, आणि चिठ्ठी नेमकी त्यालाच लिहिली होती.

“माँ लेफ़्टी थी,” मृणाल म्हणाली. “वो गड्ढा उसके बाएँ हाथ का था.”

“छे! पद्मिनी? भलतंच काय! जेवायची उजव्या हाताने, लिहायची उजव्या हाताने—”

“सबके सामने. बचपन में नानी ने बाएँ हाथ पर गरम चिमटा लगाया था. किचन में कोई देखता नहीं था, तो वहाँ बायाँ चलता था.”

“मग मला कसं माहीत नाही?”

“आप किचन में कब आए, पापा?”

हेमचंद्रांनी आठवून पाहिलं. नळ गळत होता तेव्हा एकदा गेले होते. वॉशर बदलून परत आले होते.

मृणालने डोळे पुसले आणि वही उघडली. “कितना गहरा था? लेवल करने से पहले नापा तो होगा आपने?”

बावन्न पुलांची मापं तोंडपाठ असलेला माणूस म्हणाला, “नाही मापलं.” मग खुर्चीवर बसले आणि तोंडावर हात धरून रडू लागले. तसबीर लावतानाही असे रडले नव्हते. मधे पडून ‘बाबांना तसं करायचं नव्हतं गं’ म्हणणारं आता कुणी नव्हतं.

मग मृणाल आत गेली आणि वरवंटा घेऊन आली. “ये छोड़ दिया उसने?”

“नको म्हणाला तो. मी सांगत होतो.”

“पकड़िए. दोनों हाथों से.”

हेमचंद्र पाट्यापुढे मांडी घालून बसले. वरवंटा धरला, तर हातात नीट बसेना. मृणालने तो उलटा फिरवून दिला. एक टोक दुसऱ्यापेक्षा झिजून बारीक झालेलं होतं, ते आता त्यांच्या डाव्या मुठीत आलं आणि बसलं. अंगठ्यापाशी दगड गुळगुळीत होता. तिथे पद्मिनीबाईंचा अंगठा असायचा. हेमचंद्रांनी डावा हात किंचित दाबून वरवंटा पुढे ढकलला, मागे घेतला, पुन्हा ढकलला. पाट्यावर काहीच नव्हतं वाटायला. तरी ते कितीतरी वेळ वाटत राहिले, आणि मृणालने त्यांना थांबवलं नाही.

शनिवारी तिने विषय दिला तो हाच: घराघरांतल्या पाट्यांची झीज आणि ते वापरणारे हात. पुढले दोन महिने बाप-लेक कॉलनीतली आणि तेलीबागेतली घरं हिंडले. हेमचंद्र सत्तेचाळीस परक्या स्वयंपाकघरांत गेले, मोजपट्टी धरून जमिनीवर बसले आणि “माताजी, आप किस हाथ से पीसती हैं?” असं अदबीने विचारत राहिले. लेव्हल मृणालने जप्त केली होती.

आकृत्या हेमचंद्रांनीच काढल्या. शेवटचा तक्ताही त्यांच्याच हाताने लिहायचा होता. मृणाल हिंदीत सांगत गेली, ते शाईने लिहीत गेले.

“नमूना एक, सिल. घिसावट: अनुपलब्ध.”

लिहिलं.

“कारण,” मृणाल म्हणाली आणि जरा थांबली. “कारण: पिताजी.”

हेमचंद्रांनी टाक शाईत बुडवला आणि तेही लिहिलं. मृणालने वाकून पाहिलं.

“बाबा, लाइन टेढ़ी है.”

“असू दे,” हेमचंद्र म्हणाले.