पाटीवरची मोकळी जागा

हाडांच्या डॉक्टरांचा हात इतका हलका, की निखळलेलं हाड जागेवर बसलं तरी ते त्या हाडालाच उशिरा कळायचं. हे डॉक्टर स्वतःच सांगायचे, आणि रोज सांगायचे. त्याहून जास्त वेळा ते आणखी एक गोष्ट सांगायचे. दवाखान्याच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली वीतभर जागा कोरी होती. पाटी रंगवताना पेंटरने विचारलं होतं, "खाली काय लिहू?"

"काही नाही. तिथे आमचे चिरंजीव येणार."

चिरंजीवांना तेव्हा दात येत होते. त्या दिवसापासून सगळे त्याला छोटे डॉक्टर म्हणू लागले.

डॉक्टर नुसतं बोलून थांबले नाहीत. घराची मागची खोली आणि दवाखान्यातला पेशंट बसायचा हॉल यांच्यामध्ये त्यांनी विटांची भिंत घालू दिली नाही, प्लायवूड ठोकून घेतलं. मुलगा डॉक्टर झाला की त्यात एक दार कापायचं, की त्याची खोली तयार.

छोटे डॉक्टर मोठे झाले, चांगले मार्क मिळवून पास झाले आणि एकदा जेवताना शांतपणे म्हणाले, "मला सिनेमाला आवाज द्यायचेत."

"गाणार आहेस?"

"नाही हो बाबा. पावलांचे, दारांचे, मारामारीचे आवाज. शूटिंगमध्ये ते नीट येत नाहीत. मागून वेगळे करून घालावे लागतात."

"आवाज करावा कशाला लागतो? तो होतोच," डॉक्टर म्हणाले. "आपल्या घरात तर तुझी आत्या बसल्या जागी करते."

आत्या, म्हणजे डॉक्टरांची धाकटी बहीण, समोरच बसली होती. तिने लगेच आवाज केला.

शेवटी आईने तोड काढली. मुलाला एका सिनेमातल्या मारामारीचं काम मिळालं होतं, तेवढं त्याने मागच्या खोलीत करावं. दिग्दर्शकाला पसंत पडलं तर पुढेही तेच. नाही पडलं तर मुकाट्याने मेडिकल. डॉक्टरांना ही अट आवडली, कारण दिग्दर्शकाने पहिले आवाज खोटे वाटतात म्हणून परत पाठवले होते आणि शनिवारची संध्याकाळ ही शेवटची संधी होती.

तरीही डॉक्टरांनी पक्का बंदोबस्त केला. मेडिकल कॉलेजचे डीन त्यांचे जुने वर्गमित्र. डीनसाहेबांचा खांदा आखडला होता. त्यांनी शनिवारी खांदा दाखवायला यावं आणि जाताजाता मुलाला चार गोष्टी सुनवाव्यात, असा बेत ठरला. त्याआधी भाच्याचं मन वळवायला म्हणून आत्यालाही सकाळीच मागच्या खोलीत धाडलं.

शनिवारी हॉल भरलेला होता. पाय मुरगळलेल्या पोस्टमनला डॉक्टरांनी आत घेतलं आणि शेक द्यायचं यंत्र सुरू केलं. ते पिठाच्या गिरणीसारखं घरघरायचं, त्यामुळे आतल्यांना बाहेरचं काही ऐकू येत नसे. हॉलमधल्यांना मात्र प्लायवूडच्या मागून स्वच्छ ऐकू आलं.

कडाड.

आणि पाठोपाठ बाईची किंकाळी. पोस्टमन पुरुष होता, पण वेदना माणसाला कुठल्या कुठे नेते, हे सगळ्यांनी समजून घेतलं.

थोड्या वेळाने पोस्टमन शीळ घालत बाहेर आला.

"फार दुखलं का हो?" मनगट धरून बसलेल्या शिक्षिकेने विचारलं.

"छे! मला तर काही कळलंसुद्धा नाही."

"शुद्ध गेली असणार," शिक्षिका शेजारणीला हळूच म्हणाली.

भिंतीमागे पुन्हा कडाड झालं. डॉक्टरांच्या खोलीत आता पेशंट नव्हता, नुसतं यंत्र घरघरत होतं, पण तेवढा हिशेब करायच्या मनःस्थितीत कोण असणार? व्यायामशाळेचे मालक उठले. "गॅस चालू राहिलाय घरी," असं म्हणत ते बाहेर पडले. त्या दिवशी एकूण सगळ्यांचेच गॅस चालू राहिले होते.

कंपाउंडरने आत डोकं घातलं. "डॉक्टर, बाहेर कुणी उरलं नाही."

"बरे झाले की काय सगळे?" डॉक्टर बाहेर आले. कोपऱ्यात डीनसाहेब तेवढे खांदा धरून बसले होते. ते नुकतेच आले होते, पण चेहरा उतरला होता.

"ये, आत ये."

"नको रे, आज बराच आराम आहे," डीनसाहेब म्हणाले. तेवढ्यात कडाड झालं.

या वेळी डॉक्टरांनीही ऐकलं. "बस, आलोच," म्हणत ते घरातून वळसा घालून मागच्या खोलीत शिरले. माइकसमोर चिरंजीव हातात गाजर घेऊन उभे होते. खाली गाजरांचा, काकड्यांचा खच. मन वळवायला आलेली आत्या स्टुलावर बसून पाणी पीत होती.

"दादा, थांब जरा," ती म्हणाली. "माझी एक किंकाळी राहिलीये."

"काय चाललंय हे? काय मोडतोयस?"

"खलनायकाच्या बायकोचं मनगट," मुलगा म्हणाला. "पण जमत नाहीये, बाबा. संध्याकाळी पाठवायचंय आणि अजून खोटंच वाटतंय."

त्याचा आवाज पडला होता. डॉक्टरांना हवं होतं तेच घडत होतं. आता गप्प बसायचं, संध्याकाळ होऊ द्यायची, बस. त्यांनी तसं ठरवलंही. मुलाने दिलेला हेडफोन कानाला लावून त्यांनी आवाज मात्र ऐकला, आणि त्यांच्याच्याने राहवेना.

"हे मनगट? हे गाजर आहे. मनगट असं खाडकन मोडत नाही. आधी करकरतं. मग बारीक चुरा झाल्यासारखं. आणि वरून कातडी असते, तिचा ओलसर दाब येतो. टॉवेल भिजव. अक्रोड आहेत घरात? कवचासकट आण."

ओल्या टॉवेलात अक्रोड गुंडाळले गेले. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. जन्मभर हलक्या आवाजात बोलणाऱ्या माणसाचा आवाज चढला.

"हळू कशाला? पूर्ण पीळ! ओरडू दे तिला, आपण थांबायचं नाही. हां, आता मोड!"

करकर, चुरचुर, आणि आत्याची उरलेली किंकाळी. मुलाने पुन्हा ऐकलं आणि बापाकडे बघून हसला. असं तो शेवटचं कधी हसला होता, हे डॉक्टरांना आठवेना. "आता मांडीचं घे," ते म्हणाले.

हॉलमध्ये परतले तेव्हा खुर्ची रिकामी होती.

"डीनसाहेब गेले," कंपाउंडर म्हणाला. "धावतच. टॅक्सी थांबवायला हात सरळ वर केला त्यांनी."

"कुठला हात?"

"आखडलेला."

संध्याकाळी दिग्दर्शकाचा होकार आला, आणि त्याच्या मागोमाग डीनसाहेबांचा फोन. "खांदा मोकळा झाला, आभारी आहे. पण तुझ्या हाताखाली तयार झालेला मुलगा मी कॉलेजात घेणार नाही."

पुढचा आठवडा दवाखान्यात कंपाउंडरने एकट्याने पेपर वाचला. डॉक्टर भेटेल त्याला खुलासा करत सुटले, पण हाडांच्या डॉक्टरने रस्त्यात गाठून "घाबरू नका" म्हटलं की लोक जास्तच घाबरत. शेवटी आईच म्हणाली, "पाटीवर जागा आहे ना मोकळी?"

तोच पेंटर आला. आता म्हातारा झाला होता. शिडीवर चढत म्हणाला, "चिरंजीव आले वाटतं जागेवर?"

"आले," डॉक्टर म्हणाले, आणि घसा खाकरून त्यांनी मजकूर सांगितला. "शेजारच्या खोलीत आमचे चिरंजीव सिनेमासाठी आवाज तयार करतात. ऐकू येणारी हाडं पेशंटची नाहीत."

पेंटरने ते सुबक अक्षरात उतरवलं.

"आणि खाली लिहा, डॉक्टरांचा हात हलका आहे."

पेंटरने ब्रश पुसला. "आता जागा नाही उरली, साहेब."