मागं फिरलेला गोलकीपर

सकाळी घरातनं एक दिगू गेला आणि संध्याकाळी दोन आले, हे शालन मुळीकनं चारचौघांत सांगितलं आणि कुणीही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. शेजारणी म्हणाल्या, भाचाबिचा आला असेल. डंकावर मिरची कुटायला आलेल्या बायका म्हणाल्या, मिरचीचा ठसका डोक्यात चढला हिच्या. नवरा बाळासो तर दोन्ही पोरांच्या मधे बसून जेवला आणि हात धुताना म्हणाला, आज एवढी भाकरी कशी काय खपली.

शालनला लोकांच्या विश्वासाची गरज नव्हती. तिचा डंक होता, तिचा आवाज डंकापेक्षा मोठा होता आणि चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं शिकवतात तेवढ्यात एक आणि दोन यातला फरक आलेला होता.

झालं ते वेळापत्रकामुळं. माळेवाडीच्या कॉलेजात फुटबॉलची टीम होती, पण कशीबशी होती. मैदान लग्नाच्या मांडवाला भाड्यानं जायचं, मांडवाचे खड्डे तसेच राहायचे आणि त्यात पाय अडकून पोरं लंगडत घरी यायची. अकरा पोरं भरताना जिमखान्याचे चौगुले सर हॉकीची, कबड्डीची, अगदी वक्तृत्वाचीसुद्धा पोरं ओढून आणायचे. गोलकीपर मात्र एकच, दिग्विजय बाळासो मुळीक. शालनचा दिगू.

त्या साली गणपती, परीक्षा आणि निवडणूक यांच्या मधे सगळा सीझन चेंगरून बसवला होता. एका मंगळवारी माळेवाडीचे दोन सामने लागले, एक आपल्या मैदानावर आणि एक पार तांबखडीला, दोन्ही दुपारचेच. चौगुले सरांनी क्रीडा मंडळाला फोन केला. तिकडनं उत्तर आलं, वेळापत्रक लागलेलं आहे, संघ हजर ठेवावा. हजर नाही राहिला तर त्या कॉलेजातला फुटबॉल बंद. मग सरांनी टीम मधोमध तोडली. अर्धी पोरं इथं, अर्धी तिथं. गोलकीपर काही तोडता येईना. त्याला म्हणाले, बघ बाबा तुझ्या पातळीवर कसं जमतंय.

मंगळवारी सकाळी शालननं दिगूच्या हातावर दहीसाखर ठेवली. तो निघाला. पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि हातमोजे विसरले म्हणून परत आला. आता निघालेला माणूस परत आला तर त्याला तसाच्या तसा बाहेर सोडत नाहीत. शालननं त्याला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि परत नव्यानं हातावर दही ठेवलं. दिगू पहिलीच्या वर्गात पाटी विसरायचा तेव्हापासून ती हेच करत आली होती.

त्यामुळं तो घरातनं दोनदा निघाला.

जो पुढं गेला तो एसटीनं तांबखडीला पोहोचला आणि उघड्या हातांनी खेळला. जो मागं फिरला तो मोजे घालून इथल्या गोलात उभा राहिला. संध्याकाळी एक आला त्याचे तळहात सोललेले होते. एक आला त्याचे मोजे मातीनं भरलेले होते. दोघांनाही लोणच्याची बरणी कुठल्या फळीवर आहे ते ठाऊक होतं. शालननं उलथनं उचललं की दोघंही एकाच बाजूला वाकत होते. तिनं दोघांना वाढलं आणि सोललेल्या हातांना तूप लावलं. मोजेवाल्यानंही हात पुढं केले, तेव्हा त्याच्या चांगल्या हातांनाही लावलं.

दुसऱ्या दिवशी ती दोघांना घेऊन कॉलेजात गेली. चौगुले सरांनी आधी एकाचे हात उलटसुलट करून बघितले, मग दुसऱ्याचे. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही कॉलेजचा फुटबॉल वाचवलात."

"फुटबॉल घाला चुलीत. ह्याचं काय करायचं ते सांगा."

"ह्याचं म्हणजे कुठल्याचं?" सरांनी विचारलं, आणि ते शालनला सांगता येईना.

सरांनी नाही, पण वेळापत्रकानं उत्तर दिलं. पुढं सगळा सीझन तसाच चेंगरलेला होता आणि दोन दिगू लागतच होते. वर्गात आळीपाळीनं बसायचे, गोलात आपापल्या गावी उभे राहायचे. माळेवाडी सगळीकडं हरत होती, पण सगळीकडं हजर होती. घरी दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. झोपताना एकाच भिंतीकडं तोंड करायचे. शालनला त्याची सवय झाली. पोरं जेवतायत, तिला तेवढं पुरे होतं.

तिला सवय झाली नाही ती पाहुण्या टीममधल्या काही पोरांची. माळेवाडीच्या मैदानावर पोरं कमी पडणारी कॉलेजं यायची आणि त्यांच्याबरोबर मंडळाची पांढरी बस यायची. बसमधनं उरलेली जागा भरायला पोरं उतरायची. चांगली धडधाकट पोरं, पण दोरीपलीकडं कुणी आपलं आलंय का म्हणून बघायची नाहीत. गोल मारला तरी कुणी त्यांच्या नावानं ओरडायचं नाही. बसच्या मागच्या सीटवर पदर घेतलेल्या काही बायका आणि दोनचार मास्तर बसलेले असायचे, ते खाली उतरायचेच नाहीत. हाफटाईमला शालननं एका पोराला पाणी दिलं आणि विचारलं, आई कुठं असती रे तुझी. पोरानं वळून बसकडं बघितलं. तिला वाटलं, काहीतरी विसरला असेल बसमधे.

सीझन संपत आला तसे मंडळाचे रेठरेकर साहेब माळेवाडीत आले. माणूस सभ्य, आवाज हळू. शालनच्या डंकावर मिरच्यांच्या पोत्यावर बसून त्यांनी चहा घेतला, एकदाही शिंकले नाहीत आणि नियम समजावून सांगितला. सीझन संपला की शिल्लक खेळाडू मंडळाकडं जमा करायचा असतो. मंडळ त्याला ठेवून घेतं, खायला घालतं आणि जिथं पोरं कमी पडतील तिथं पाठवतं.

"शिल्लक कोण?" शालननं विचारलं.

"मागं फिरला तो. पुढं गेला तो मूळ."

"हे कुणी ठरवलं? मागं फिरला तो आईकडं आला. पुढं गेला त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं न्हाई. मी म्हणते, आला तोच माझा. आणि गेला तो पण माझाच."

"दोघंही तुमचेच आहेत, बाई. त्याला मंडळाची हरकत नाही. वेळापत्रकात जागा एकालाच आहे."

शालननं त्यांना पोत्यावरनं उठवलं. साहेब निमूट उठले, पँट झटकली आणि जाता जाता बाकीचंही सांगून गेले. शनिवारी जिमखान्यात चौकशी. पोरगा दोनदा कसा झाला, दोष कुणाचा, हे एकदा ठरवून टाकायचं. ज्याच्यावर ठपका येईल त्यानं शिलकीच्या पोराबरोबर बसमधे बसायचं. त्याचं खाणंपिणं बघायला कुणीतरी लागतंच.

शालन म्हणाली, ठपका वेळापत्रकावर ठेवा. साहेब म्हणाले, अनेकांनी तशी सूचना केलेली आहे, पण वेळापत्रकाला बसमधे बसवता येत नाही.

शुक्रवारभर तिनं मिरचीबरोबर आपलं बोलणंही कुटून बारीक केलं. दोष चौगुल्याचा. टीम त्यानं तोडली, पोराला बघ कसं जमतंय म्हणून त्यानं सांगितलं. आणि चौगुल्याला मागं ना बायको ना पोर, त्याला बसमधे काय अडचण? पण खरं म्हणजे तिला चौगुल्याशीही देणंघेणं नव्हतं. जिमखान्यात जायचं, टेबलावर हात आपटायचा आणि दोन्ही पोरं दोन हातांना धरून घरी आणायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मोजेवाला मागणाऱ्याला ती त्याच टेबलाखाली घालणार होती.

शनिवारी पोरांना आधीच बोलावून घेतलं होतं. शालननं धुवट पातळ नेसलं. बाळासोनं आयुष्यात दह्याच्या भांड्याला हात लावलेला नव्हता, पण त्या दिवशी त्यानं तिच्या हातावर दहीसाखर ठेवली. "दोघंही आण," एवढंच म्हणाला. म्हणजे त्यालाही सगळं दिसत होतं. ती निघाली. पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर तिच्या ध्यानात आलं, चष्मा राहिला. चष्म्याशिवाय हे लोक कशावरही सही घेतील. ती परत आली. बाळासोनं पाट मांडला, पाणी दिलं, आणि हात आता बसलेला होता म्हणून परत दही ठेवलं. घाईत तिनं ते चाटलं, चष्मा कमरेला खोचला आणि बाहेर पडली.

गिरणीवाला म्हणाला, "मगाशी गेलीस की गं."

"चष्मा राहिला होता," ती म्हणाली आणि पुढं चालत राहिली.

जिमखान्याच्या दारात पांढरी बस चालू करून ठेवली होती. आत बाकावर एकच दिगू बसला होता. मांडीवर हातमोजे. चौगुले सरांनी तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. रेठरेकर साहेब आपले कागद आवरत होते.

"मुळीकबाई, तुमची जबानी झालेली आहे."

"मी आत्ता येतेय."

"हो. मघाशी आलेल्या मुळीकबाईही सांगून गेल्या, मी मागनं येतेय." साहेबांचा आवाज तसाच हळू होता. "चष्मा नव्हता त्यांच्याकडं. म्हणून अंगठा दिला."

शालन चौगुल्यांकडं वळली. कुटून आणलेलं सगळं बोलणं ती आता त्यांच्यावर ओतणार होती. सर म्हणाले, "वहिनी, फार चांगलं बोललात. मागं फिरलेल्याला परत पाठवायला नको होतं, दोष माझाच, म्हणालात. तुमचं सगळ्यांना पहिल्यांदाच पटलं." आणि मग, जरा थांबून, "सोललेल्या हातांच्या पोराला घेऊन गेलात."

तिनं टेबलावर हात आपटला. कुणी दचकलं नाही. तो आवाजही इथं एकदा होऊन गेला असावा.

दिगू बाकावरनं म्हणाला, "आई, तू मला म्हणालीस, तू बस. तुझी आई मागनं येतेय."

तिनं चष्मा लावला. साहेबांनी पुढं केलेल्या कागदाच्या तळाशी अंगठा उमटला होता, मिरचीनं लाल. तिनं स्वतःचा अंगठा बघितला. तोही लालच होता. वर काय लिहिलंय ते ती एकेक अक्षर लावून वाचत गेली, शेवटपर्यंत, आणि कागद परत दिला. घरी जाऊन दार वाजवावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण आत बाई असणार, चुलीवर भाकरी असणार, आणि त्या बाईशी भांडायला ती उभी राहिली तर दोघींपैकी कुणाचा आवाज मोठा, हे ठरणारच नाही. शिवाय पोरगं इथं उपाशी बसलेलं.

"खाल्लंस का काय?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"चल."

बसमधल्या पोरांनी तिच्याकडं बघितलं, मग दिगूकडं, आणि सरकून जागा केली. मागच्या सीटवरच्या एका बाईनं पदर सावरला आणि शेजारची पिशवी मांडीवर घेतली. शालननं त्या पोरांवरनं एक नजर फिरवली. सगळ्यांची पायताणं वाटेत पडली होती. तिनं ती पायानं कडेला केली, खिडकीजवळच्या एकाला मान आत घे म्हणून दटावलं, आणि त्यानं ती घेतली.

ड्रायव्हरच्या हातात पेन होतं. "ठपका कुणावर?" त्यानं पुढं बघतच विचारलं.

"लिही," ती म्हणाली, "शालन बाळासो मुळीक."