झालेबोरची जात

ठोसर सर कोणालाही पहिल्यांदा भेटतात तेव्हा त्याच्या मागे जाऊन उभे राहतात. तुम्ही नमस्काराला हात जोडावेत, तर समोर कोणी नसतं. आम्ही चौलला त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशी मी टेम्पोतून गॅसची शेगडी उतरवत होतो. हे गृहस्थ माझ्या पाठीशी येऊन म्हणाले, "उतार बरा आहे." मला वाटलं, अंगणाबद्दल म्हणताहेत. मी म्हणालो, "हो, पाणी साचणार नाही." पुढे महिन्याभराने कळलं की ते माझ्या पाठीबद्दल बोलत होते.

त्याला कारण आहे. सरांनी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ते सालीच्या भुंगेऱ्यांच्या नादी लागले. झाडाची साल पोखरून आत शिरणारा हा जीव तिळाएवढा. त्यातही सरांचं प्रेम एकाच प्रजातीवर. तिचं नाव झायलेबोरस. आमच्या आळीत तिला सगळे 'झालेबोर' म्हणतात आणि सरांचं व्याख्यान ऐकलेल्यांना ते नाव अगदी पटतं.

"प्रजाती म्हणजे आडनाव हो," सर समजावतात. "आडनाव कोणीही सांगेल. जात म्हणजे पाळण्यातलं नाव. जात सांगा, जात!"

आणि झालेबोरची जात ओळखायची ती मागून. तोंडं सगळ्यांची सारखीच. शेपटाकडे पंखांचं झाकण जिथे उतरतं, तो उतार सरळ की गोल, त्यावरच्या पुटकुळ्या कुठे आणि कशा, यावर सगळा निकाल. "तोंडावर जाऊ नका, मागून बघा," हे त्यांचं पालुपद. देवळात दर्शनाची रांग लागली की सरांची चंगळ असते. समोर नुसत्या पाठीच पाठी.

एकदा पलीकडच्या वाडीतले पांडूनाना फांदी घेऊन धावत आले. "सर, कलमाला भोकां परलीत. आंबा मरल काय?"

सरांनी भिंग लावलं. "थांबा. आधी जात कळू दे."

"माजी?" नाना गडबडले. "माजी तुमाला ठाव हाय की!"

नानांचं कलम वाचलं. ती जात फक्त वाळल्या लाकडात शिरणारी निघाली. पण सर दिवसभर 'जात' हा शब्द असा मोठमोठ्याने उच्चारत असतात की रस्त्याने जाणारा नवखा माणूस चरकतो.

सर एकटेच राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी केतकी पुण्याला नोकरी करते. "तिच्याकडे जाऊन राहा की," असं मी म्हटलं तर हसून सांगतात, "झालेबोरचा नर बिळातच राहतो. त्याला उडता येत नाही. उडते ती लेक. आणि निघताना घरातली खायची बुरशी बरोबर नेते हो, विरजण न्यावं तशी. नव्या घरी लावायला." एवढं बोलून ते पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावतात. मग मी चहा ठेवतो, कारण त्यांच्या घरी चहा पाहुण्यालाच करावा लागतो.

एका रविवारी सकाळी मी असाच त्यांच्याकडे चहा करत होतो. सर एका भुंगेऱ्याला कागदाच्या टोकावर डिंकाने चिकटवत होते. केतकीचा फोन आला. हात अडकलेले, म्हणून त्यांनी स्पीकर लावायला सांगितला.

इकडचं तिकडचं झालं. मग ती एकदम म्हणाली, "बाबा, जात इतकी महत्त्वाची असते का हो?"

सरांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "महत्त्वाची? अगं, जातीवरच तर सगळं आहे! वरून सारखे दिसतात, माणूस फसतो. जात चुकली की बाग गेली म्हणून समज. मी तर नवीन कोणी आला की आधी जात बघतो, मग बाकीचं!"

पलीकडून नुसतं "बरं," आणि फोन बंद.

"ऐकलंत?" सर डिंकाच्या बोटाने डोळे पुसू लागले, मी घाईने हात धरला. "केतकीनं विचारलं! आजवर कधी विचारलं नव्हतं हो तिनं. लहान असताना तर किळस यायची तिला."

पुढचा आठवडाभर आळीत ज्याला त्याला त्यांनी ही बातमी सांगितली. केतकीला दाखवायला उत्तमातले उत्तम भुंगेरे काढून एका डबीत लावले. केतकीचा फोन मात्र आला नाही. "कामात असेल," सर म्हणायचे आणि डबी पुसायचे.

आमच्या घरात कुठलीही बातमी माझ्यापर्यंत सगळ्यांत शेवटी येते. पुढच्या रविवारी माझ्या बायकोचे, सुमनचे डोळे लाल दिसले, तेव्हा मी विचारलं. केतकी सगळं तिच्याशी बोलते. पुण्यात तिनं सुशांत नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं होतं. मुलगा वेगळ्या जातीचा.

"अंदाज घ्यायला तिनं विचारलं, तर सरांनी तोंडावर सांगितलं," सुमन म्हणाली. "जात चुकली की सगळं गेलं! ती आता इकडे पाऊल टाकणार नाही म्हणते."

मला हसू फुटलं. सुमन लाटणं घेऊन उभी राहिली, तेव्हा आवरलं. "अगं, ते झालेबोरबद्दल बोलत होते!"

सुमनने कपाळावर हात मारला. लाटणं तसंच हातात ठेवून ती तडक सरांकडे गेली, मी मागोमाग. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. सरांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. त्यांच्या घराण्यात आजवर कोणी जातीबाहेर लग्न केलेलं नव्हतं. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी जमिनीकडे बघत उभा.

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे... भुंगेऱ्यांबद्दल नव्हतं विचारलं तिनं?"

"सर, भुंगेरे राहू द्या. मुलाचं काय?"

"मुलाचं काय? चांगला आहे ना? मग येऊ दे की." ते चष्मा पुसतच राहिले. "मला आपलं वाटलं होतं..."

सुमनने तिथूनच केतकीला फोन लावला आणि हे शेवटचं वाक्यसुद्धा सांगितलं.

शनिवारी दोघं आली. सर सुशांतच्या मागे जाऊन उभे राहिले. "उतार बरा आहे."

सुशांतने अंगणाकडे पाहिलं. "हो, पाणी साचणार नाही."

चहा मीच केला. कप घेऊन आलो तर केतकी मायक्रोस्कोपपाशी स्टूल ओढून बसली होती. ती डबी तिच्यासमोर उघडी होती.

"बाबा, जात कुठली?"

सर दचकले. एकदा माझ्याकडे, एकदा सुशांतकडे बघून जपून म्हणाले, "कोणाची?"

"झालेबोरची. कोणाची म्हणजे?"

सरांनी आपली खुर्ची तिच्या शेजारी सरकवली.

"तोंडावर जाऊ नकोस," ते म्हणाले. "मागून बघ."