शपथविधीला उभ्या राहणाऱ्या कमलकाकू

टीव्हीवर शपथविधी सुरू झाला की आमच्या घरमालकीण कमलकाकू उभ्या राहतात. कडक इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून, अनवाणी. सरकार कोणत्या का पक्षाचं असेना. त्या वेळी घरात जो कोणी सापडेल, त्यालाही उभं राहावं लागतं. एकदा मोरीचा नळ दुरुस्त करायला आलेला शकील सापडला. पार शेवटच्या राज्यमंत्र्याची शपथ होईस्तोवर तो हातात पान्हा घेऊन ताठ उभा, आणि आत नळाची धार सुरू.

"काकू, पानी वाया जाऊन राहिलं," तो हळूच म्हणाला.

"जाऊ दे. सरकार बसून राहिलं. ते बसलं का मंग तू बस."

काकू अकोटच्या. लग्नानंतर अमरावतीला आल्या आणि इथल्याच शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. वर्गात पुस्तकी मराठी, घरी चोख वऱ्हाडी. मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहतो. इतिहास मुलं आवडीने वाचत आणि मागची नागरिकशास्त्राची पानं कोरी करकरीत राहत, याचं दुःख त्यांना अजून आहे.

"पोराहो, पुढच्या पानांत काय आहे? बापाले कैदेत टाकलं, भावाचे डोळे काढले, मंग गादी भेटली. आन मागच्या पानांत? मुख्यमंत्र्याचं राज्य हातचं गेलं, तर तो राजीनाम्यावर सही करते आन गाडीत बसून घरी जाते. डोकं फुटलं का कोनाचं? नाही ना?"

हे 'डोकं फुटलं का कोनाचं' त्यांचं पालुपद. निकाल त्रिशंकू लागला की ते दिवसातून कितीदा ऐकू येईल याचा नेम नसतो. बहुमत कोणालाच नाही, आमदार कुठल्याशा हॉटेलात, राज्यपालांकडे कोण आधी जातो यावर चौकात पैजा. सगळी कॉलनी वैतागलेली असते आणि काकू मात्र लग्नघरातल्यासारख्या प्रसन्न. त्यांच्यासमोर 'घोडेबाजार' म्हणायची सोय नाही.

"घोडा म्हनू नको. मानूस आहे तो, रुसून बसला. रुसल्याची समजूत काढाच लागते. महिनाभर ज्यायनं एकमेकांच्या सात पिढ्या उद्धारल्या, ते आता एका टेबलावर बसून खाती वाटून राहिले. तुले हे लहान वाटते काय?"

मला लहानच वाटत असे. मग खालचे भाडेकरू देशपांडे आणि मी गाडी लावण्यावरून भांडलो. दोन महिने बोलणं बंद. काकूंनी दोघांना ओट्यावर बसवलं. मी तयारीनिशी बोलायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"कोनाचं चुकलं ते राहू द्या. ते तुमी मरेपर्यंत ठरनार नाही. दोघायले काय पायजे ते सांगा."

निघालं असं, की दोघांनाही सकाळी गाडी लवकर काढायची असते. काकूंनी जागा आठवड्या-आठवड्याने वाटून दिली, आणि फाटक लावायचं खातं देशपांड्यांकडे. आमचे मतभेद आहेत तसेच आहेत, पण त्यांच्या मुलीच्या बारशाला मी पंगत वाढली. तेव्हापासून वाटाघाटीच्या बातम्या पाहताना मीही जरा सावरून बसतो.

काकूंचे यजमान वसंतकाका. कोर्टात वकील, आणि काकूंच्या पक्षाचे कट्टर वैरी. काकूंचा पक्ष वेगळा आणि काकांचा त्याच्या नेमका समोरचा. लग्नाच्या बोलणीत पत्रिका पाहिली, गोत्र पाहिलं, पण पक्ष विचारायचं कोणाला सुचलं नाही. पहिल्या निवडणुकीत दोघांना एकमेकांचं कळलं आणि तेव्हापासून भांडण सुरू झालं. मतमोजणीच्या दिवशी काका पुढच्या खोलीत, काकू मागच्या. मतदानाला मात्र जात एकाच स्कूटरवर.

मी काकांना विचारलं होतं, "तुमची दोघांची मतं एकमेकांना खोडतात. मग उन्हात जाता कशाला?"

"घरी बसलो तर हिचं एक मत भारी होईन ना," काका म्हणाले. मागे बसलेल्या काकूंनी पदर सावरला. "आन मी नाही गेली तर यायचं मत भारी. चाला आता, रांग वाढून राहिली."

काका गेले त्यानंतरच्या निवडणुकीला काकूंना मी गाडीवर नेलं. निकाल त्रिशंकू लागला. बैठका झाल्या, मोडल्या, पुन्हा झाल्या. आणि एका सकाळी बातमी आली, की काकूंचा पक्ष आणि काकांचा पक्ष मिळून सरकार बनवणार.

कॉलनीत हशा पिकला. जन्माचे वैरी गळ्यात गळे घालून फोटोत उभे होते. देशपांडे म्हणाले, "काकूंना पेढे द्यायचे की सांत्वन करायचं?"

शपथविधीला मी मुद्दाम खाली गेलो. काकू नेहमीसारख्या उभ्या होत्या, मीही उभा राहिलो. आधी त्यांच्या पक्षाच्या माणसाने शपथ घेतली, मग काकांच्या. दोघांनी हात मिळवले तेव्हा काकू पुटपुटल्या, "डोकं फुटलं का कोनाचं." पुढचं 'नाही ना' आलं नाही.

कार्यक्रम संपला. त्यांनी टीव्ही बंद केला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काकू, बसा ना."

त्या बसल्या. "चांगलं झालं," म्हणाल्या. "लई मोठी गोष्ट आहे, आपल्याले वाटते तेवढी सोपी नाही. मी पोरायले हेच शिकवलं जन्मभर." मग पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "पन त्या दोघायचं जमलं, तर आता मी भांडू कोनासंग?"

मी टीव्हीचा रिमोट उचलून जागेवर ठेवला.

"घर कसं शांत झालं रे. कोनी मले चूक म्हनत नाही. पोरं फोनवर 'हो आई, हो आई' करते. तूही हो म्हनतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्या पक्षाले जरा नावं ठेवतं का?"

"आत्ता?"

"हो. जोरात ठेव. मी चहा टाकते."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी घसा खाकरला. जन्मात कधी कोणत्या पक्षाची बाजू घेतली नव्हती, तरी आवाज चढवून म्हणालो, "तुमच्या पक्षाला कणाच नाही, काकू. जिकडे खुर्ची, तिकडे तुम्ही."

काकू सांडशी हातात घेऊन दारात आल्या. डोळे ओले होते, पण आवाज वर्गातला होता.

"कना नाही म्हनतं? कोनं सांगतलं तुले? बस, आज तुले दाखवतोच मी."

त्या रागावल्या की 'दाखवतोच' म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. भांडणातली काकांची पुरुषी बोली होती ती. मी मुद्दा सोडला नाही, त्यांनीही नाही. मागे चहा उतू जाऊन गॅसवर चरचरला. मी उठायला लागलो.

"जाऊ दे तो," काकू म्हणाल्या. "तू बोल."