सोमवारच्या आतला मासा

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या सुपरमार्केटमधल्या माशाला डोकं नसतं, एवढ्या एका कारणावरून विलासरावांनी सोमवारचं परतीचं तिकीट काढायला लावलं. निदान सांगितलं तेवढंच. व्हिसा भरपूर शिल्लक होता आणि ठाण्याच्या घरात वाट बघणारं कोणी नव्हतं. त्यांच्या पत्नीला, लीनाताईंना, जाऊन वर्ष होत आलं होतं. "हे रबर खायला इतक्या लांब आलो का मी?" असं म्हणून ते ताट सारत, आणि मग त्यांच्या मुलाच्या, शैलेंद्रच्याही, घशाखाली घास उतरत नसे. बाबा त्या रिकाम्या घरात एकटे जेवतील, किंवा जेवणारच नाहीत, हे त्याला इथे बसून दिसत होतं.

उपाय ऑफिसात सापडला. शेजारच्या टेबलावरच्या ग्रेगला मासेमारीचं वेड होतं. इकडे मार्च सरत आला, तळ्याचं पाणी गार व्हायला लागलं, की मरे कॉड नावाचा धिप्पाड मासा खोल पाण्यातून काठाशी येतो आणि बुडालेल्या झाडांपाशी दबा धरतो, असं त्याने सांगितलं. "सॅटरडे आर्व्हो, मेट. ब्रिंग युअर डॅड." शनिवारी दुपारचं ठरलं.

"बाबांना डोक्यासकट मासा खायला घालतो," शैलेंद्रने घरी जाहीर केलं. "मग बघू कसे जातात."

"मग वाटण करूनच ठेवते," त्याची बायको मेधा म्हणाली. "तुम्ही आल्यावर कुठे मिक्सर लावत बसू?"

वाटण जरा जास्त झालं, म्हणून तिने शेजारच्या यतिनला जेवायला बोलावलं. यतिनने ते मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. शनिवारी दुपारपर्यंत भात कोण आणणार, सोलकढी कोण, सगळं ठरलं. माशाला तेवढं कोणी कळवलं नव्हतं.

तळ्यावर विलासराव मुलाचं जाकीट घालून नाक मुरडत उभे राहिले. "गोड्या पाण्यातला ना? चिखलाचा वास येतो त्याला."

"बाबा, आधी गळाला लागू दे तरी."

"स्लोली, विलास," ग्रेगने त्यांच्या हातात रॉड दिला. "कोल्ड वॉटर. लेझी फिश."

कित्येक वर्षांत त्यांना कोणी नुसतं विलास म्हटलं नव्हतं. ते त्यांना आवडलं असावं, कारण ते निमूटपणे रीळ हळूहळू गुंडाळायला लागले. ऊन कलंडलं, शैलेंद्रचे पाय गारठले, आणि अचानक रॉड वाकला. पुढचा सगळा वेळ नुसता आरडाओरडा चालला होता. शेवटी ग्रेगने मासा जाळीत घेतला, गळ काढला आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या विलासरावांच्या हातांत दिला. मांडीएवढा जाड, हिरवट, अंगभर ठिपके. डोकं तर भलंमोठं.

विलासरावांनी दोन बोटांनी माशाचा कल्ला उचलला आणि आत डोकावले.

"बाबा, काय करताय?"

"ताजा आहे का बघतो."

"जिवंत आहे तो!"

"असू दे. तुझी आई बघितल्याशिवाय घ्यायची नाही. मी नुसती पिशवी धरायचो." एवढं बोलून त्यांनी अंगठ्याने माशाचं पोट दाबून बघितलं. लीनाताईंच्या हातात कुठल्याच माशाने त्याला हरकत घेतली नव्हती. या माशाने घेतली. शेपटीचा एक सणसणीत फटका विलासरावांच्या पोटात बसला, आणि हात रिकामे झाले.

ग्रेग स्वतः धरलेला प्रत्येक मासा सोडून देणारा. हा आज खाल्ला जाणार म्हणून तो मनातून खट्टू होता. त्याने धावत येऊन विलासरावांना मिठी मारली. "ब्यूटिफुल रिलीज, विलास! गुड ऑन या!"

शैलेंद्रचा फोन वाजला. "सगळे आलेत," मेधा म्हणाली. "कढई ठेवू?"

त्याने फोन तसाच खाली घेतला. बाबा अजून पाण्यातच उभे होते. "लालभडक होते रे कल्ले," ते म्हणाले. "तिने एका नजरेत पसंत केला असता." आणि मग, वर्षभरात पहिल्यांदा, "फार आठवण येते रे तिची."

"मलाही येते, बाबा."

त्या रात्री कालवणात उकडलेली अंडी पडली. विलासरावांनी दोनदा भात घेतला. माशाची लांबी दाखवताना यतिनचा चष्मा पाडला, आणि लीनाताई बाजारात कशा भांडायच्या तेही सांगितलं. शैलेंद्र मात्र हिरमुसला होता. एक मासा हवा होता, तोही गेला.

सकाळी त्याने जड मनाने माळ्यावरून बॅग काढली.

"ती कशाला?" विलासराव म्हणाले. "मिळाला असता तर खाऊन गेलो असतो उद्या. आता त्याला तसाच सोडून जाऊ? ग्रेग म्हणतो, पाणी अजून गार व्हायचंय. तिकीट पुढे ढकल."

शैलेंद्रने बाथरूममध्ये जाऊन दार लावलं, डोळे पुसले आणि ग्रेगला मेसेज केला: पुढच्या शनिवारी जिथे अजिबात मासे नसतात अशी एखादी छान जागा ठाऊक आहे का?