सूर्यभानाचं तोंड आणि कापसाचा भाव

अकोल्याहून अमरावतीला कापसाचा भाव घेऊन पळणारे जासूद पुष्कळ होते. पण मध्ये माणूस न बदलता एकट्यानं सगळी वाट तोडणारा जासूद एकच, तो म्हणजे सूर्यभान, असं खुद्द सूर्यभानच सांगत असे. "घोडं थकते, मी नाई थकत," हे त्याचं आवडतं वाक्य. घोड्याला विचारायची सोय नसल्यामुळे ते आजवर टिकून होतं.

तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिथला कापूस बंद पडला आणि विलायतेला एकाएकी वऱ्हाडाची आठवण झाली. ज्याच्या बैलाच्या पाठीला धड झूल नव्हती त्याच्या बैलाच्या गळ्यात चांदीची घुंगरं आली. व्यापाऱ्यांना तर एकच ध्यास, मुंबईचा भाव शेजाऱ्याच्या आधी आपल्याला कळला पाहिजे. अमरावतीचे अडते भगवंतराव त्यासाठीच सूर्यभानाला पोसत होते. अकोल्याचा मुनीम संध्याकाळी भाव त्याच्या कानात सांगे, सूर्यभान रातभर पळे आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर तो भाव भगवंतरावांच्या कानात ओती. कागद नाही, चिठ्ठी नाही. कागद चोरता येतो, सूर्यभानाचं डोकं कोण चोरणार?

खरं म्हणजे ते डोकं चोरणारा कोणी भेटला असता, तर सूर्यभानानं त्याला वरून शेला-पागोटं दिलं असतं. मूर्तिजापूर मागं पडेपर्यंत सगळं ठीक असे. मग उजाडे. अमरावती उगवतीला, त्यामुळे सूर्य सारखा समोर. उजव्या डोळ्यामागं आधी ठिणग्या उडत, मग वाटेतली अर्धी झाडं दिसेनाशी होत आणि मग कोणीतरी आत बैठक मारून पाटा-वरवंटा चालवू लागे. अर्धशिशी! बसल्यावर नाही, चालल्यावर नाही, फक्त लांब पळाल्यावर. बडनेरा येईस्तोवर पोटातलं सगळं बाहेर पडलेलं असे आणि घोड्यापेक्षा भारी असलेला हा गडी देवाकडं मरण मागत अमरावतीत शिरे.

पळणं सोडावं, तर पुढं काय वाढून ठेवलंय ते त्याला ठाऊक होतं. नांदगाव खंडेश्वरच्या किसनरावांनी मैना त्याला दिली तेव्हाच बजावलं होतं, "पाय चालतात तवर तू जवाई. पाय थांबले का माया घरी ये, म्हशी वळाले." म्हशींचं काही नव्हतं. पण सासऱ्याच्या ओसरीवर घरजावई म्हणून बसायचं, आणि 'आलं का आमचं घोडं' हे रोज भाकरीसोबत गिळायचं, हे त्याला अर्धशिशीपेक्षा जड वाटे. म्हणून तो डोळ्यावर फडकं दाबून पळत होता.

आणि एक दिवस त्या फडक्यानंच घात केला.

तेव्हा कापसाचा सौदा तोंडानं होत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा. बोटं दाबली की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. त्या दिवशी भगवंतराव गादीवर असेच रुमालाखाली हात घालून बसले होते. समोर एक धूर्त व्यापारी, विकता का म्हणून खनपटीस बसलेला. भगवंतराव जासुदाची वाट पाहत नुसती टाळाटाळ करत होते. तेवढ्यात सूर्यभान दिसला. एक डोळा फडक्यानं झाकलेला, तोंड राखेसारखं. दुकानासमोर आला, ओट्याला धरून वाकला आणि भडाभडा ओकला.

भगवंतरावांच्या काळजाचं पाणी झालं. भाव गेला, दुसरं काय! जासुदानं तोंड उघडायची वाटही न पाहता त्यांनी रुमालाखाली बोटं दाबली आणि कोठारातला सगळा कापूस विकून मोकळे झाले. मग सूर्यभान कसाबसा वर आला, त्यांच्या कानाला लागला आणि म्हणाला, "वाढला, मालक. लय वाढला."

भगवंतरावांनी रुमालाखालचा हात बाहेर काढला. मग हळूच त्यांनी विचारलं, "मंग तोंड असं काहून केलं बे?"

"डोक्स दुखून राहिलं."

आधी ऐकायचं आणि मग बोटं दाबायची, ही साधी गोष्ट त्या दिवशी कोणाच्याच लक्षात आली नाही. निघाला तो एकच हुकूम. पुढच्या खेपेला सूर्यभानानं हसत यायचं, नाहीतर तसंच पुढं नांदगावचा रस्ता धरायचा.

सूर्यभान घाबरून मोरोपंत वैद्यांकडे गेला. पंतांनी नाडी पाहिली, डोळ्याची पापणी उलटून पाहिली आणि सांगितलं, "पळणं बंद करा." ते सोडून दुसरं काही सांगा, असं सूर्यभानानं हात जोडून विनवलं. तेव्हा पंतांनी नाकात तूप सोडायला सांगितलं, आणि सूर्योदयाआधी उगवतीकडं तोंड करून, कोणाशी अक्षर न बोलता, दुधाबरोबर जिलबी खायला सांगितली. सूर्यभानानं खेपेआधी परीक्षा म्हणून एक रात्र भावाशिवायच ती वाट पळून सगळं केलं. तुपानं शिंका सुरू झाल्या. जिलबी धोतराच्या सोग्यात बांधून नेली तर पहाटेपर्यंत त्याच्याआधी मुंग्याच तिच्यावर जेवल्या. तरी त्यानं ती मुक्यानं खाल्ली. अर्धशिशी आपल्या वेळेवर आली, आणि बडनेऱ्याला जिलबीही आली.

आता उरलं फक्त हसणं. मैनाबाई संध्याकाळी त्याच्या कपाळावर सुंठेचा लेप घाली आणि हसायला शिकवी. पहिल्या दिवशी त्याचं हसू पाहून शेजारचं पोर रडत घरी गेलं. पण बाई चिकाटीची. "दात दाखवा. डोळा नोका मिचकावू. आता बोटानं कपाळ दाबते, तरी हासा," असं करत करत तिनं त्याला असा तयार केला, की डोक्यात घाव घातला तरी ओठ खाली येऊ नयेत.

पुढच्या खेपेला अकोल्याच्या मुनिमाचा आवाज कापत होता. अमेरिकेतली लढाई संपली होती. भाव नुसता उतरला नव्हता, विहिरीत पडला होता. सूर्यभान निघाला. ही खबर सांगायला खरं तर आपलं जुनंच तोंड बरं, हे मूर्तिजापुरापर्यंत त्याला कळत होतं. पण पुढं ठिणग्या उडाल्या, वरवंटा फिरू लागला आणि जो अर्धा मेंदू विचार करत होता नेमका तोच दुखू लागला. उरलेल्या अर्ध्याला एवढंच आठवत होतं, की मालकानं हसत यायला सांगितलंय.

तो हसत आला. वेशीपासून दुकानापर्यंत बत्तीस दात उन्हात चमकवत आला. बाजारात बातमी पसरली, सूर्यभान हसला! भगवंतराव गादीवरच होते, हात रुमालाखाली, समोर कापूस विकणारा पाटील. हा हसण्याचा हुकूम आपणच दिलाय, हे त्यांना आठवायला हवं होतं. पण मागच्या ओकारीचा चटका असा बसला होता, की पुन्हा वाढता भाव हुकू नये म्हणून त्यांच्या मनानं हिशोब मांडला : डोकं दुखत नाही, म्हणजे भाव चढला. त्यांनी पाटलाची बोटं कचकचून दाबली. त्यांचं पाहून शेजारच्या दुकानांतले रुमालही हलले.

सूर्यभान कानाला लागला. "लढाई सरली, मालक. भाव पडला." हसू मात्र तसंच, कारण आता ते त्यालाच उतरवता येईना.

"हासत काहून आला?" भगवंतरावांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"तुमीच सांगतलं व्हतं."

त्याच दिवशी सूर्यभान आणि मैनाबाई गाठोडं घेऊन नांदगावला निघाले. पळायचं कारण नव्हतं, म्हणून वाटेत रात्रीचा मुक्काम करून चालत गेले. सूर्यभानाला लाज वाटत होती, सासऱ्याची धास्ती वाटत होती, पण डोकं मात्र नुकत्याच धुतलेल्या गाडग्यासारखं मोकळं होतं. किती वर्षांनी त्याला वाटेतली सगळी झाडं दिसली. आपण नोकरी घालवली, मालकाला बुडवलं, आता निदान सासऱ्याच्या तरी उपयोगी पडू, असं त्याच्या मनात आलं.

किसनरावांच्या अंगणात कापसाची गंजी लागली होती. एका फिरत्या व्यापाऱ्याशी रुमालाखाली बोलणं चाललं होतं, आणि त्या बापड्याला अमरावतीची खबर लागली नव्हती. सूर्यभानानं या वेळी कानबिन शोधला नाही. उंबऱ्याबाहेरूनच स्पष्ट सांगितलं, "मामाजी, आत्ताच्या आत्ता इकून टाका. भाव पडला."

किसनरावांनी जावयाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. सूर्यभानाच्या तोंडाची कीर्ती नांदगावपर्यंत केव्हाच पोचली होती, पण अर्धीच : तोंड उतरलं की भाव उतरला. डोळ्यावर फडकं नाही, ओकारी नाही. शांत, ताजं तोंड. सासऱ्यानं रुमालाखालून हात काढून घेतला.

"भाव पडला असता तं तुयं डोक्स नसतं दुखलं?" ते म्हणाले. "भगवंतरावानं पाठवलं तुले, स्वस्तात घ्याले. मले येडा समजते का?"

व्यापारी उठून गेला. मैनाबाईनं बापाला परोपरीनं सांगितलं. किसनराव मिशीवर हात फिरवत गंजीकडं पाहत राहिले आणि जावयाला म्हणाले, म्हशी गोठ्यात आहेत.

सूर्यभान ओसरीच्या पायरीवर बसला. त्या दिवशी तो एक पाऊलही पळाला नव्हता. तरी उजव्या डोळ्यामागं पहिली ठिणगी उडाली, आणि गंजीचा अर्धा भाग हळूहळू दिसेनासा झाला.